सतरा नंबरचा कोट

८ जानेवारी

शेतकरी कामगार कधी होतो?

आज मुलाखतीत मला हा प्रश्न विचारला गेला. खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मला येत नाही. दैनंदिनीत तरी खोटं कशाला लिहू?

तिथे मात्र मी उत्तर दिलं. मुख्य कचेरीतून आलेल्या मोठ्या बाई समोर बसल्या होत्या. पांढरे केस, चष्मा दोरीला अडकवून गळ्यात. "इतिहास घेऊन पदवी केलीत ना? मग सांगा, शेतकरी कामगार कधी होतो? जमीन विकतो त्या दिवशी? की पहिला पगार हातात पडतो त्या दिवशी?" मी जमिनीची मालकी, यंत्रांचं आगमन, शहरांची वाढ, सगळं एका दमात सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे पुस्तकातलं झालं. खरं उत्तर सापडलं तर मला कळवा."

आणि तरीही मला घेतलं! प्रशिक्षणार्थी कामगार अधिकारी. काम बघून उन्हाळ्याअखेर कायम करणार.

अप्पा याच कारखान्याच्या गेटवर पहारेकरी आहेत. मी बाहेर आले तेव्हा बातमी त्यांना आधीच कळली होती आणि त्यांच्याकडून कारखान्याच्या सगळ्या बसचालकांनाही. "आमच्या घरातली पहिली पदवीधर," असं ते प्रत्येकाला सांगत होते. जणू दुसरी, तिसरी रांगेत उभ्या आहेत.

हा कारखाना आमच्याच गावच्या शेतांवर उभा आहे. आमचीही जमीन त्यात गेली, मागच्या बाजूची एक पट्टी तेवढी उरली, ती आई कसते. माझं टेबल जिथे येणार तिथे आमचा गोठा होता, असं अप्पा म्हणतात. आई म्हणते, "गोठा कुठला, उकिरडा होता." यावरून दोघांचं जेवणभर वाजलं. मी काहीही मानायला तयार आहे. टेबल माझं आहे, एवढं पुरे.

१२ जानेवारी

आमच्याकडे गाड्यांसाठी वायरींच्या जुड्या बनतात. दिवे, हॉर्न, काचा पुसायचे हात, गाडीत जे जे विजेवर चालतं त्याच्या सगळ्या वायरी अशा एकत्र बांधलेल्या असतात, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

तिरप्या उभ्या फळ्या एका साखळीवरून हळूहळू सरकत असतात. फळीवर खुंट्या ठोकलेल्या. प्रत्येक बाई आपल्या जागी उभी राहते, आपल्या रंगांच्या वायरी खुंट्यांमधून फिरवते, टोक प्लगमध्ये दाबते. टक् असा आवाज आला की वायर बसली. मग काळी टेप गुंडाळते, तोवर फळी पुढचीकडे पोचलेली असते. शेवटी तपासणीचं टेबल. सगळे दिवे हिरवे लागले तर जुडी पास, एक जरी लाल लागला तर परत.

सगळ्यांना निळे कोट, डोक्याला टोपी, तांब्याचा भुगा नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क. कोटावर पुढे-मागे नंबर शिवलेला.

तीन नंबरच्या लाइनवर आमच्या शेजारच्या काकू आहेत. त्यांचा हात इतका नीटस की सगळ्या त्यांना सुगरण म्हणतात, ती घरटं विणते ना, त्या पाखरावरून. स्वयंपाकाशी याचा काही संबंध नाही. तो त्यांना बेताचाच येतो.

त्यांच्या शेजारी तिखट. माझ्याहून थोडी लहान, तोंडाने नावाप्रमाणे. मला बघून म्हणाली, "या ऑफिसर बाई! पायात बूट घातलेत, चावत तर नाहीत ना?"

चावत होते. मी सांगितलं नाही.

२३ जानेवारी

अप्पा रोज सकाळी गेटवर मला सॅल्यूट ठोकतात. मी म्हटलं, "अप्पा, लोक बघतात." ते म्हणाले, "बघू देत की. त्यासाठीच ठोकतो."

आज घड्याळसाहेबांनी मला बोलावून घेतलं. हे आमचे व्यवस्थापक. बोलताना मनगटावर बोट आपटायची त्यांना सवय आहे, मनगटावर घड्याळ नसलं तरी. म्हणाले, "मॅडम, लाइनवर काकू, मावशी, वहिनी चालणार नाही. नाती आली की शिस्त गेली. नंबरानं हाक मारा. सगळ्यांना सारखी वागणूक."

मला पटलं. सारखी वागणूक हवी म्हणूनच तर मी या कामात आले. लगेच लाइनवर गेले आणि म्हणाले, "सतरा नंबर."

काकूंनी मागे वळून पाहिलं. "कोण गं?"

"तुम्ही, काकू. म्हणजे, सतरा नंबर."

"मार बाई, खुशाल मार नंबरानं हाक. पण संध्याकाळी घरी आलीस तर सतरा नंबर तुला चहा करून देणार नाही, आधीच सांगून ठेवते."

तिखट म्हणाली, "आणि ऑफिसर बाईंचा नंबर कितवा?"

मला नंबर नसतो, असं मी सांगितलं.

"अरेरे! मग तुम्हाला सुट्टी लागली तर उभं कोण राहणार?"

सगळी लाइन खदखदून हसली. का हसल्या ते मला कळलं नाही. पण माझ्यावर राग नाही, हे कळलं. आता मी चेहरा न बघता नंबर वाचायची सवय लावून घेते आहे.

६ फेब्रुवारी

गहू पिवळा पडू लागला आणि कारखान्यातली हजेरी पातळ झाली. वायर कापायच्या विभागात सगळे पुरुष. तिथे रोज कुणाच्या तरी पोटात दुखतं. एकाचे मामा या महिन्यात दुसऱ्यांदा वारले.

तीन नंबरच्या लाइनवर मात्र एकही जागा रिकामी नाही. या सगळ्यांच्या घरी थोडी का होईना शेती आहे आणि तरीही एकही कोट खुंटीला लटकलेला दिसत नाही. घड्याळसाहेब लाइनकडे बघत म्हणाले, "याला म्हणतात बदल. पुरुष अजून शेतकरीच आहेत. या बायका मात्र कामगार झाल्या."

मोठ्या बाई मार्चमध्ये भेट द्यायला येणार आहेत. तेव्हा त्यांच्यासमोर या लाइनबद्दल टिपण वाचायचं काम माझ्याकडे आलं आहे. मला हुरूप आला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोळ्यांसमोर निळे कोट घालून उभं होतं की! टिपणाला नाव दिलं, 'शिस्तीचा जन्म'. पहिलं वाक्य: 'घड्याळ आणि नियमित वेतन यांनी या स्त्रियांना ऋतूंच्या ओढाताणीतून मोकळे केले आहे.'

आईला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. "छान लिहितेस," म्हणाली. मग मळून झालेली कणीक पुन्हा मळायला लागली. मला वाटतं भारावून गेली असावी.

१८ फेब्रुवारी

सतरा नंबरच्या कालच्या जुड्यांवर टेप उलट्या दिशेने गुंडाळलेली सापडली. गेल्या मंगळवारीही असंच झालं होतं. जुड्या पास झाल्या, हिरवे दिवे लागले, पण एकसारखेपणा नको का? काकूंसारख्या कसलेल्या हाताकडून असं व्हावं याचं नवल वाटलं. वय झालं असेल.

त्यांना एकटीला बोलणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी सगळ्या लाइनसाठी टेप गुंडाळण्याचा वर्ग घेतला. फळ्यावर बाण काढून दाखवले. सगळ्या शाळेतल्या मुलींसारख्या हात बांधून बसल्या. काकूंनी तर दोनदा शंका विचारल्या. तिखट डावखुरी आहे, त्यामुळे तिच्यासाठी बाण उलटे काढावे लागले. ती म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवलंत म्हणून बरं. नाहीतर आम्ही असंच कुणाचं कसंही गुंडाळत बसलो असतो."

वर्ग छान झाला.

२७ फेब्रुवारी

माझी सूचना मंजूर झाली! लाइनच्या तोंडाशी चेहरा ओळखणारं यंत्र बसणार. हजेरीचं कार्ड गेटवर टोचतात, तिथे गर्दी होते, वेळ जातो. यंत्र नुसतं तोंड बघेल आणि आत सोडेल. घड्याळसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं.

घरी सांगितलं तर अप्पांचा चेहरा उतरला. "यंत्र कशाला? तोंडं बघायला मी आहे की गेटवर."

"अप्पा, तुमची नोकरी कुठे जात नाही. यंत्र लाइनपाशी आहे."

"माझ्या नोकरीचं कोण बोलतंय," म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. जुन्या माणसांना यंत्राची भीती वाटते. पुस्तकात याबद्दल अख्खं प्रकरण होतं.

६ मार्च

आईचं मनगट मुरगळलं. विळा धरता येत नाही. पट्टीतला गहू अगदी पिकून उभा आहे. मला रजा मिळणार नाही, अप्पांनाही नाही. "होईल काहीतरी," आई म्हणाली. तिचा हा स्वभाव मला आवडत नाही. नियोजन म्हणून काही असतं की नाही?

९ मार्च

आज माझी साप्ताहिक सुट्टी. दुपारी आईसाठी डबा घेऊन शेतावर गेले. बांधावरून बघते तर अर्धी पट्टी कापून झालेली. आई एका हाताने पेंढ्या गोळा करते आहे आणि पुढे वाकून सपासप विळा चालवताहेत काकू.

मी सकाळी फिरायला म्हणून कारखान्यावरून गेले होते तेव्हा काचेतून तीन नंबरची लाइन दिसली होती. पूर्ण भरलेली. सतरा नंबरही.

"काकू! तुम्ही इथे कशा? लाइनवर कोण आहे?"

काकूंनी कंबर सरळ केली, कपाळाचा घाम पुसला. "सतरा नंबर आहे की."

आई हसायला लागली. मग काकू. मी बांधावर डबा घेऊन उभी. माझ्याही डोक्यात मग एकेक दिवा लागत गेला. उलटी टेप. डावखुरी तिखट. अप्पांचा उतरलेला चेहरा.

काकू म्हणाल्या, "अगं, सावड आहे ही. आज मी तुझ्या आईच्या शेतात, म्हणून माझ्या जागी तिखट. तिची आज आणि उद्या सुट्टी आहे. तिच्याकडे कापणी लागली की तिच्या जागी मी. दिवसाला दिवस. आधी शेतातल्या शेतात करत होतो, आता मध्ये कारखाना आला, तर त्यालाही घेतलं त्यात."

"आणि काम? प्रत्येकीची जागा वेगळी, वायरी वेगळ्या."

"सगळ्यांना सगळ्या जागा येतात. त्याशिवाय सावड कशी चालेल? तुम्ही नंबरानं हाक मारायचं ठरवलंत, मग तर फारच सोपं झालं. कोट उभा असला की झालं."

मी म्हणाले, "काकू, उद्यापासून यंत्र सुरू होतंय. चेहरा बघणार आहे ते. सापडलात तर कार्ड जिचं तिला कायमचं घरी पाठवतात, असा नियम आहे. उद्या येऊ नका."

आईचं हसू मावळलं. "ती म्हणते तर नको येऊस गं. उरलेलं होईल काहीतरी."

"काय होईल? दाणे झडतील. एका हातानं तू काय कापणार आहेस?" काकूंनी पुन्हा विळा उचलला. "आणि पहिल्या दिवशी कुठलं यंत्र चाललंय का आजवर?"

१० मार्च

चाललं.

तिखट सतरा नंबरच्या कोटात पुढे आली आणि यंत्राने लाल दिवा लावून बोंब ठोकली. घड्याळसाहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "शाबास मॅडम, पहिल्याच दिवशी मासा गळाला लागला."

काकूंना काढायचा कागद मी तयार करायचा. चौदाला मोठ्या बाई येणार, त्यांच्यासमोर जागा रिकामी दिसायला नको, म्हणून कागद त्याच संध्याकाळी द्यायचा. तोवर काकू कामावर येतील. खाली दोन सह्या लागतात. घड्याळसाहेबांची झाली आहे. दुसरी माझी.

११ मार्च

घरात कडाक्याचं भांडण झालं.

मी म्हटलं, मी सही करणार नाही. अप्पा ताडकन उठले. "सही कर आणि गप्प बैस. कायम हो आधी. सुगरणीचं आपण दुसरीकडे बघू काहीतरी."

"अप्पा, तुम्हाला माहीत होतं!"

"मी गेटवर उभा असतो. कोण कुणाच्या कार्डावर आत जातं ते मला दिसत नाही असं वाटतं तुला?"

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय करणार होतीस? तू सॅल्यूट घेऊन आत जायचीस, मान ताठ. मला ती मान बघायची असायची." ते पुन्हा खाली बसले. "आपली जमीन गेली ती तुझ्या खुर्चीखाली गेली, एवढंच समाधान आहे मला. ती खुर्ची घालवू नकोस."

आई इतका वेळ मनगटाला पट्टी गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या परीक्षा नेहमी ऐन कापणीत यायच्या, नाही का गं?"

"हो."

"तू पेपर लिहायला जायचीस, तेव्हा तुझ्या ओळीत कोण असायचं?"

मी कधी विचारच केला नव्हता. आमच्या शेतात माझी एक ओळ असायची, लहानपणापासून. मी कॉलेजात गेल्यावर ती कापली जात होती, एवढंच मला दिसत होतं.

"सुगरण असायची. तिखटची आई असायची. एकदा तिखट शाळा बुडवून आली होती. तिन्ही वर्षं कुणी ना कुणी असायचंच. तू काही परत त्यांच्या शेतात जाणार नव्हतीस, हे त्यांना माहीत होतं. तरी आल्या."

शेवटच्या वर्षीच्या पेपरातला एक प्रश्न मला लख्ख आठवला. 'ग्रामीण समाजातील परस्पर श्रमसाहाय्याची पद्धत लोप पावण्याची कारणे लिहा.' मी पाच कारणं लिहिली होती, उदाहरणांसह. भरघोस गुण पडले होते. मी ते लिहीत होते त्याच वेळी काकू माझ्या ओळीत वाकलेल्या होत्या.

मला वाटलं होतं लाजेने मान खाली जाईल. तसं झालं नाही. उलट छाती भरून आली. घरातली पहिली पदवीधर, घरातली पहिली पदवीधर, असं आम्ही म्हणत होतो. ही पदवी एका घराची नव्हतीच. ती एवढी मोठी आहे हे मला आज कळलं.

अप्पांना मात्र हे पटलेलं नाही. ते न जेवता झोपले.

१२ मार्च

'शिस्तीचा जन्म' फाडून टाकलं. पहिलं वाक्य फाडताना थोडं वाईट वाटलं, चांगलं जमलं होतं.

१४ मार्च

सगळं क्रमाने लिहिते.

मोठ्या बाई आल्या. घड्याळसाहेब त्यांना थेट तीन नंबरच्या लाइनपाशी घेऊन आले. म्हणाले, "ही आमची आदर्श लाइन. मॅडम, टिपण वाचा."

मी म्हणाले, "टिपण चुकीचं होतं. मी ते फाडलं."

घड्याळसाहेबांचं बोट मनगटाकडे निघालं होतं, ते मध्येच अडकलं.

मग मी सगळं सांगितलं. सावड, कोट, कार्डं, यंत्र, माझ्या टेबलाच्या खणातला कागद. माझं शिक्षण कशावर झालं तेही सांगितलं. मध्ये थांबले नाही. मागे फळ्या सरकत होत्या. बायकांचे हात चालू होते, कान आमच्याकडे होते.

"म्हणजे कंपनीची फसवणूक झाली," मोठ्या बाई म्हणाल्या.

"कार्डाच्या बाबतीत झाली. काम मात्र रोज पूर्ण झालं. या लाइनवरून सगळ्यात कमी जुड्या परत येतात, तपासणीच्या टेबलावर विचारा."

"एका जागेचं काम दुसरीला बिनचूक कसं येईल?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून तिखटचा आवाज आला. "सरका गं!"

आणि अख्खी लाइन एक जागा पुढे सरकली. शेवटची बाई कोट सावरत धावत पहिल्या जागेवर आली. साखळी चालूच होती. हात क्षणभरही थांबले नाहीत. टक्, टक्, टक्. पहिली जुडी टेबलावर गेली. हिरवे दिवे. दुसरी. हिरवे. "सरका!" पुन्हा सगळ्या एक जागा पुढे. हिरवे. शेतात ओळ संपली की आई असंच ओरडते, "सरका गं." तीच हाक, तोच सूर.

मोठ्या बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि अधिकारी बाईंना येतं का हे?"

मी कोट नसतानाच सतरा नंबरच्या जागी उभी राहिले. निळी वायर, पिवळी वायर, टेप. माझी जुडी टेबलावर गेली. लाल दिवा. मग आणखी एक लाल दिवा. तिखट म्हणाली, "बाण काढून देऊ का, बाई?" एवढ्या ताणातही सगळ्या फिसकन हसल्या. मोठ्या बाईसुद्धा.

मग त्या काकूंकडे वळल्या. "नोकरी जाईल हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"होतं की. हिनंच सांगितलं होतं."

"तरी गेलात?"

"बाईसाहेब, एखादीचा हात दुखावला तर तिची ओळ तशीच उभी ठेवून पुढे जायचं का? शेतात नाही जात, इथेही नाही जात. तुमची फळी तरी कधी रिकामी गेली का पुढे?"

मोठ्या बाईंनी एक फळी तपासणीच्या टेबलापर्यंत जाताना पाहिली. नंतर कचेरीत दार लावून बोलणं झालं. निकाल असा: काकूंना काढायचं नाही. पण दुसरीला कार्ड दिल्याबद्दल आठ दिवस बिनपगारी घरी. यापुढे प्रत्येकीने आपलाच कोट आणि आपलंच कार्ड वापरायचं. जागा बदलायची असेल तर आदल्या दिवशी मला सांगून उघड बदलायची. फक्त तीन नंबरच्या लाइनवर, पुढच्या कापणीपर्यंत. नीट चाललं तर बाकीच्या लाइनवरही. माझं कायम होणंही तोवर लांबलं. "प्रयोग फसला तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

"देईन," मी म्हणाले.

"आणि त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं?"

"नाही. पण प्रश्नच थोडा वेगळा विचारायला हवा, असं वाटतंय."

त्यांनी मान डोलावली.

काकूंना आठ दिवसांचं सांगितलं तर त्यांनी हात जोडले. "आठ दिवस? अगं देव पावला! माझा स्वतःचा गहू उभा आहे."

बाहेर पडताना गेटपाशी आले. अप्पांच्या कानावर सगळं गेलेलं होतं. खुर्ची टिकली, पण कायमची झाली नाही. ते माझ्याकडे न बघता उभे होते. मी पुढे गेले. मागून बुटांची टाच आपटल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर सॅल्यूट. संध्याकाळी घरी जाताना त्यांनी तो आजवर कधी ठोकला नव्हता.

१९ मार्च

सकाळी घड्याळसाहेबांच्या टेबलावर रजेचा अर्ज ठेवला. कारण म्हणून एकच शब्द लिहिला: सावड.

त्यांनी तो दोनदा वाचला. "आणि तुमच्या जागी कोण?"

मी काचेतून बोट दाखवलं. माझ्या खुर्चीत तिखट बसली होती. स्वतःच्या कोटात, स्वतःच्या कार्डावर, आज तिची सुट्टी असूनही. हजेरी कशी लावायची, जागांचे बदल कसे टिपायचे, हे मी तिला जेवणाच्या सुट्टीत शिकवत होते. दहावी झालेली आहे, डोकं तल्लख आहे, पुढे शिकायचं म्हणते. घड्याळसाहेब काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात तिखट काचेपलीकडून त्यांच्याकडे बघून मनगटावर बोट आपटू लागली. एक कामगार उशिरा आला होता. त्यांनी अर्जावर सही केली.

मी बूट टेबलाखाली काढून ठेवले, चपला घातल्या आणि विळा पिशवीत घालून निघाले. गेटवर अप्पांनी पिशवीतून डोकावणारी मूठ पाहिली. "धार लावलीस का?" एवढंच विचारलं. लावली नव्हती. त्यांनी तिथेच दगडावर लावून दिली.

काकूंच्या शेतात आई होती, तिखटची आई होती. मला एक ओळ दिली. तासाभरात तळहाताला फोड आले. मी बांधलेली पहिली पेंढी उचलताच सुटली आणि गहू पायावर सांडला. आई म्हणाली, "लाल दिवा." आता ही गोष्ट घरोघरी जाणार, हे मी ओळखलं.

पण ओळ सोडली नाही. दुपारपर्यंत मी बाकीच्यांच्या बरीच मागे होते. तेव्हा काकूंनी आपली ओळ संपवली आणि माझ्या ओळीच्या दुसऱ्या टोकाने माझ्याकडे कापत आल्या. मधोमध आम्ही समोरासमोर आलो.

"काय गं," त्या म्हणाल्या, "तू इथे. मग तिकडे कचेरीत कोण आहे?"

"ऑफिसर बाई आहेत की," मी म्हणाले आणि सुटलेली पेंढी पुन्हा आवळून बांधली.